बांधलेलं गाव आणि शिशाची परिषद

मी सरकारी परिषदेचा सभासद झालो तो शिडीवरून. खोटं वाटत असेल तर शिडी अजून माझ्या अंगणात आहे, येऊन तिलाच विचारा. चंद्रपूरच्या एका सरकारी कचेरीबाहेर मी पाटी रंगवत होतो. 'शिसे विषबाधा प्रतिबंध सल्लागार परिषद.' पाटी एवढी लांब की 'शि' काढला तेव्हा माझी दाढी घोटलेली होती आणि 'षद'पर्यंत पोचलो तोवर खुंट वाढले होते. तेवढ्यात परिषदेचा सचिव आतून धावत आला. चष्मा कपाळावर, पेन कानावर.

"पेंटरभाऊ, खाली उतरा. आत एक माणूस कमी पडून राह्यला."

"कायले? टेबल उचलाले?"

"गणपूर्तीले!"

आत नेऊन त्यानं मला खुर्चीवर बसवलं. रंगात शिसं असतं आणि रंग माझ्या नखांपासून भुवयांपर्यंत होता, तेव्हा शिशाशी संबंध असलेल्या कारागिरांचा प्रतिनिधी म्हणून माझ्याहून लायक माणूस साऱ्या विदर्भात नाही, असं एकमतानं ठरलं. चहा आला तेव्हा मी पेंटर होतो, कपबश्या गेल्या तेव्हा सभासद. तेव्हापासून अडकलो तो अडकलोच.

परिषदेत कागदावर पुष्कळ माणसं होती, पण ती कागदातून बाहेर येत नसत. प्रत्यक्षात आम्ही चौघं. अध्यक्ष जंगल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मिशीचं वजन सागाच्या ओंडक्याएवढं होतं आणि बोलताना ती त्यांना दोन्ही हातांनी तोलून धरावी लागे. दुसऱ्या डॉक्टरीणबाई. नाकीडोळी नीटस, पण समोर येईल त्याचं तोंड उघडायला लावायची त्यांना खोड. नमस्कार केला की म्हणत, "आ करा." तिसरा सचिव, चौथा मी. चौघं असलो तर सभा, एक जरी कमी पडला तर सभा नाही. जिल्हा नुकताच फुटून चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन झाले होते. नवा जिल्हा म्हणे परिषद जुन्याची, जुना म्हणे नव्याची. त्यामुळे आम्हाला विचारणारं कुणी नव्हतं आणि सोडणारंही कुणी नव्हतं.

मी राजीनामा दिला. सचिव म्हणाला, "राजीनामा सभेपुढं ठेवा लागते." सभेला मी गेलो नाही, म्हणून गणपूर्ती झाली नाही, म्हणून राजीनामा पुढे ढकलला. पुढच्या सभेला गेलो, तर तो म्हणाला, "तुम्ही तर हजर आहा. मग राजीनामा कायचा?" मी घुग्घुसच्या धुळीत ट्रकच्या पाठीवर कमळं काढत असलो तरी परिषदेची जीप मला हुडकून काढी आणि शिडीखाली उभी राहून भोंगा वाजवी. शेवटी शेवटी तो भोंगा माझ्या स्वप्नातल्या म्हशीसुद्धा ओळखू लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी माझंही तोंड पाहिलं होतं. अक्षर बारीक काढायचं तर ब्रशाला टोक लागतं, आणि टोक येतं ते ओठांत धरून ओढल्यावर. ही आमच्या धंद्याची रीत. बाई म्हणाल्या, "रंग खाऊन राह्यले तुम्ही. ब्रश तोंडाले लावाचा नाई." मी हो म्हणालो. सरकारी माणसाला हो म्हणायची मला सवय आहे.

तर त्या पावसाळ्यात परिषदेचा पहिला आणि शेवटचा दौरा निघाला. आलापल्लीच्या पलीकडे, सागाच्या जंगलात, तलावाकाठी एक गाव होतं. अर्धं गाव गोंडांचं, अर्धं ढिवरांचं, म्हणजे मासे धरणाऱ्यांचं. फेकजाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या लावतात, आणि ते शिसं तिथं घरोघर चुलीवर वितळवतात, अशी खबर होती. भंगारातल्या ट्रकच्या बॅटऱ्या फोडून शिसं येई. आम्ही जायचं, पाहायचं आणि सल्ला द्यायचा. दुसरं काही करायचे आम्हाला अधिकार नव्हते. सचिवानं ते जीपमध्ये चारदा सांगितलं.

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पहिल्याच घराच्या पडवीत एक पोरसवदा सून बसली होती. चुलीवर लोखंडी पळी, पळीत चांदीसारखं लखलखतं शिसं. ते ती मातीच्या साच्यात ओती. थंड झालं की त्याची पट्टी जाळ्याच्या दोरीवर दुमडून तोंडात घेई, आणि कट्. दातांनी आवळून बंद. पुन्हा पट्टी, पुन्हा कट्. एवढ्या झटपट की सुगीत पोपट कणसं सोलतो तसं वाटे. पोट थोडं पुढं आलेलं होतं. पाचवा-सहावा महिना असावा.

तिची सासू आमच्यापुढं येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आवाज असा की तलावापलीकडचे बगळे उडाले.

"पाहा जी, पाहा! पक्कडीनं दाबलेली गोळी सुटते. दाताची गोळी जाळं फाटलं तरी सुटत नाई. आमच्या सुनेच्या दातासारखा दात इथून आलापल्लीपर्यंत नाई. पोरगी पाहाले गेलो तवा आम्ही रूप पाह्यलं नाई, दात पाह्यले."

सून हसली. डॉक्टरीणबाई तिच्यापुढं उकिडव्या बसल्या. "आ कर, बाई."

दात खरंच मोत्यांसारखे होते. पण हिरड्यांच्या कडेनं निळसर काळी रेघ होती, जणू कुणी बारीक ब्रशानं काढलेली. एवढी सरळ रेघ मलाही साधत नसे. बाईंनी तिचा हात हातात घेतला. मनगट वर उचलायला सांगितलं, तर ते खाली लोंबलं.

"पोट दुखते का?"

"दुखते."

"परसाकडे?"

सून लाजली. सासूच म्हणाली, "चार-चार दिवस जात नाई. अन् याच्या आधी दोनदा पोट रिकामं झालं तिचं, मधातच. सारं करून पाह्यलं, कोंबडं दिलं, शेंदूर वाह्यला."

शेंदरातही शिसं असतं, हे सांगायला डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं. अध्यक्षांनी मिशीआडून जोरात खोकून ते बंद करवलं. देवाच्या गोष्टीत परिषदेनं पडायचं नाही, असं ते नंतर म्हणाले. बाईंनी सासूला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की हे दोनदा झालं ते या पळीमुळं, आणि हिला इथून काढून चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं नाही तर तिसऱ्यांदाही होईल. तिचाही भरवसा नाही.

सासू खालच्या आवाजात म्हणाली, "उद्या पाहू."

उद्या उगवला, पण पाहायची सोय उरली नाही. आम्ही शाळेच्या खोलीत झोपलो होतो. सकाळी जीप सुरू केली आणि गावाच्या तोंडाशी ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. रस्त्यावर या झाडापासून त्या झाडापर्यंत दोरी ताणलेली, तिला आंब्याची पानं आणि बिब्याच्या फांद्या. पलीकडच्या पायवाटेवरही तशीच. तलावाच्या पाळीवरही. त्या दिवशी गाव बांधलेलं होतं. पावसाळ्यात एक दिवस तिथं गाव बांधतात. सगळं दुखणंखुपणं हाकून वेशीबाहेर काढायचं आणि मागून दोरी लावून घ्यायची. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत आतलं माणूस बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही. नांगर नाही, कुऱ्हाड नाही, जाळं नाही, कुणी कामाला हात लावत नाही.

दोरीपाशी भुमिया बसला होता. भुमिया म्हणजे गावाचा पुजारी. अंगानं काटकुळा, तोंडात पानाची विडी. अध्यक्षांनी मिशी तोलून सांगितलं, "आम्ही सरकारी मानसं आहो."

"जोहार, साहेब. बसा," भुमिया म्हणाला.

"आमाले जायचं आहे."

"जा ना. उद्या."

"अरे, आम्ही गावचे नाई!"

"राती आत झोपले, तवा आज गावचेच."

सचिवानं मला कोपरानं ढोसलं. "तुम्ही कारागिरांचे प्रतिनिधी. तुम्ही बोला." मी बोललो. मी काय बोललो ते मला आठवत नाही, पण एवढं बोललो की दोरीवरची पानं सुकली. भुमियानं शांतपणे ऐकलं आणि मला एक विडी दिली.

मग बसलो. सगळं गाव बसलं होतं, आम्हीही बसलो. त्या दिवसाएवढा लांब दिवस मी पाहिला नाही. ऊन एका कौलावरून दुसऱ्या कौलावर जायला मुक्कामाच्या एसटीएवढा वेळ लावत होतं. आमची जीप तिथंच, दोरीच्या अलीकडे, नाक पुढं करून उभी. कोंबड्या तिच्याखाली सावलीला. अध्यक्षांनी मिशी एका बाजूनं कुरतडायला घेतली. आणि खरं सांगतो, त्या कोंडवाड्यात मला परिषदेचीच आठवण झाली. ही दोरी निदान उद्या सुटणार होती.

दुपार चढली आणि पडवीतून किंकाळी आली.

सून पोट धरून मातीवर गडाबडा लोळत होती. गुडघे छातीशी. सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या तोंडून, त्या बगळे उडवणाऱ्या तोंडून, आवाजच निघत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. पोट पाटीसारखं कडक झालं होतं.

"कळा पोराच्या नाई, आतड्याच्या आहेत. पण अशा चालल्या तर पोरही जाईल. आत्ता न्या. जीपमध्ये घाला."

सचिव म्हणाला, "बाई, ही जीप सभेसाठी अन् पाहणीसाठी आहे. पेशंट नेता येत नाई. आपण सल्लागार आहो. सल्ला दिला, झालं."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याच्या कानावरचं पेन आपोआप खाली पडलं.

"मंग सभा घ्या," मी ओरडलो. आयुष्यात एवढं एकच वाक्य माझ्या तोंडून कामाचं निघालं असेल. "जीपमंधी सभा घ्या! चौघं आहोच. सूनबाईले निमंत्रण द्या!"

सचिवानं विचार केला. तो विचार करताना त्याच्या कपाळावर ओळी उमटत, वाचता येण्यासारख्या. "विशेष निमंत्रित," तो हळूच म्हणाला. "तशी सोय आहे."

सरकारी दोरी अशी सैल झाली. राहिली गावाची. ड्रायव्हरनं जीप दोरीपाशी आणली आणि सासू सुनेला कवेत घेऊन पुढं झाली. भुमिया उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तोच जास्त अडकलेला दिसत होता.

"दोरी सोडता येत नाई, बाई. साऱ्या गावचं दुखणं बाहेर काढलं हाय. दोरी सोडली का ते सारं आत येते. इथी सारेच लेकरं हायेत. तुह्या एकीसाठी कसा सोडू?"

आता सासूला आवाज फुटला.

"सोड म्हणलं कोन तुले? सरकव! मागल्या साली पाटलाचं नवं घर दोरीच्या बाहेर पडून राह्यलं होतं. तवा काऊन सरकवली? घरासाठी दोरी चालत जाते, अन् माह्या सुनेसाठी नाई चालत?"

"ते दोन वावरं सरकवली होती."

"हे दोन वावरं जास्त समज! ती दोरीच्या बाहेर जाऊनच नाई राह्यली. ती जाते तिथवर गाव ने. तू भुमिया हायस का खुंटा हायस?"

सगळं गाव जमलं होतं. भुमियानं विडी विझवली, उरलेला तुकडा कानावर खोवला आणि झाडाला बांधलेलं दोरीचं एक टोक सोडून हातात घेतलं. दुसरं टोक सोडून त्यानं इकडंतिकडं पाहिलं. सगळे गावकरी एक पाऊल मागं सरले. राहिलो मी. त्यानं ते टोक माझ्या हातात दिलं.

"राती आत झोपले होते ना?" तो म्हणाला.

तर आम्ही निघालो ते असे. जीपच्या एका मडगार्डवर भुमिया, दुसऱ्यावर मी, आणि आमच्यामध्ये, नाकापुढं ताणलेली दोरी, पानांसकट. आत अध्यक्ष, सचिव, डॉक्टरीणबाई, सासू आणि सासूच्या मांडीवर विशेष निमंत्रित. दोरी पुढं, जीप मागं, म्हणजे जीप दोरी ओलांडतच नव्हती. गाव लांबत चाललं होतं. मागं वेशीवर भुमियाच्या भावानं दुसरी दोरी लावली की काय ते मी पाहिलं नाही. मला मागं पाहायची सोयच नव्हती. एक हात दोरीला, एक हात हेडलाइटला. रस्त्याचा चिखल असा उडत होता की आलापल्लीला पोचेपर्यंत माझा पुतळा तयार झाला असता, फक्त चौथरा बांधायचा राहिला होता. हात सुटला असता तर मी चाकाखाली गेलो असतो आणि गाव उघडं पडलं असतं. यातलं कुठलं वाईट, ते भुमियाच्या नजरेवरून मला कळत होतं. दर खड्ड्याला आतून सून किंचाळे, आणि सचिवाचा आवाज येई, "विषय क्रमांक दोन..."

वाटेत जंगल नाक्यावर आडवा बांबू. नाकेदार बाहेर आला, आमच्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं.

"काय घेऊन जाऊन राह्यले बे?"

"गाव," भुमिया म्हणाला.

नाकेदारानं क्षणभर विचार केला आणि बांबू उचलला. बांबूखालून जाताना भुमियानं मान वाकवली नाही, दोरी तेवढी खाली घेतली.

त्या दिवशी त्या गावाची हद्द चंद्रपूरपर्यंत आली होती. नकाशावाल्यांनी नोंद केली नाही, तो त्यांचा हलगर्जीपणा. दवाखान्याच्या लांब ओसरीतून आम्ही दोघं दोरी ताणून पुढं, मागं खाटलं. नर्सबाई ओरडायला आली आणि डॉक्टरीणबाईंना पाहून थांबली. भुमियानं दोरी सुनेच्या लोखंडी खाटेच्या पायथ्याला, या दांड्यापासून त्या दांड्यापर्यंत बांधली आणि खाली बसला. दोरी जिथं, तिथं त्यानं असायला हवं होतं. मागं त्याचं गाव त्याच्या येण्याची वाट पाहत हात बांधून बसलं होतं. त्यांना एक दिवस जास्त बसावं लागलं, आणि त्या दिवसाच्या शिव्या अजून माझ्या नावावर जमा आहेत.

सुई लागली, कळ ओसरली. पोर पोटातच राहिलं. दुसऱ्या दिवशी सासूचा रंग पालटला. "बरी झाली आता. नेतो घरी. जाळी अर्धी पडून हायेत."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंत होईपर्यंत इथं, नाहीतर माझ्या ओळखीच्या घरी. ती पळी, ती चूल, नाव नाई काढायचं."

"तुम्ही सल्लागार," सासू म्हणाली. एवढं तिनं जीपमध्ये शिकून घेतलं होतं. "सल्ला दिला, झालं."

तेव्हा भुमिया उठला. त्यानं निघायच्या तयारीनं दोरी सोडली, कोयत्यानं हातभर तुकडा कापला आणि तो पुन्हा खाटेला बांधला.

"एवढं गाव बांधलेलंच राहील," तो सासूला म्हणाला. "बांधल्या गावात काम नसते. हे पोरगं होईपर्यंत हिनं शिशाले हात लावला तर माह्याकडे येऊ नको."

सासूनं त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. पण दोरीला हात लावला नाही.

सून राहिली. मी अधूनमधून जाऊन पाही. सभा अजून संपलेली नव्हती. जीपमधून उतरताना समाप्तीचा ठराव घ्यायचा सचिव विसरला होता, त्यामुळे कायद्यानं आम्ही सभेतच होतो. ती खाटेवर बसून खिडकीतून कोळशाच्या ट्रकांकडे पाही.

"भाऊ, मले सोडवा ना. कोंडवाड्यातली गाय झाली माही."

"पोर होऊ दे."

"दात शिवशिवते. दिवसभर वाटते, काहीतरी तोंडात घेऊन कट् करावं."

ते मला जितकं समजलं तितकं त्या दवाखान्यात कुणाला समजलं नसतं. पाटी रंगवताना ब्रश ओठापर्यंत जाई आणि मी हात मागं ओढी, पुन्हा जाई, पुन्हा ओढी. माझी अक्षरं त्या काळात जाड झाली. गिऱ्हाईक म्हणे, "पेंटरभाऊ, जेवण वाढलं वाटते." मी तिला फुटाणे नेऊन देई आणि एक मूठ स्वतः खाई. दोघं बसून कटकट फोडत असू.

पुढच्या उन्हाळ्यात तलावाची मासेमारी होती, तेव्हा गेलो. भोंगा न वाजवता, एसटीनं. जाळ्यांना भाजलेल्या मातीच्या गोळ्या लावलेल्या होत्या. सगळ्यांच्या नव्हे, पण त्या घरच्या होत्या. सासूनं मला पाहिलं आणि बगळे उडाले.

"आले शिसंवाले! माती बांधून मासे धराले सांगते! मातीचं जाळं पाण्यात पडते तोवर मासा लगीन लावून नांदाले जाते."

चुलीवरची पळी दिसत नव्हती. कुठं गेली ते मी विचारलं नाही. सून पडवीत बसली होती, मांडीवर मुलगी. दवाखान्यातल्या दोरीचा तो तुकडा पोरीच्या मुठीत होता, आणि ती तो तोंडात घालून दोन नव्या कोऱ्या दातांनी चावत होती. मोठ्या नेटानं.

सासू वाकली. तिनं बोटानं नातीचा ओठ वर केला, दात पाहिले, आणि तिचा चेहरा उजळला.

"पाहा जी! धरलं तर सोडत नाई. आमच्या घरचा दात हाय."

बाजूला जुन्या जाळ्याचा ढीग पडला होता, शिशाच्या गोळ्यांसकट. सुनेनं सासूकडे पाहत पाहत तो पायानं हळूच मागं सारला.